नोटीस हातात आली? मजकुराआधी कागद ओळखा, आणि या चुका टाळा

सरकारी नोकरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो, गोव्यात डिचोलीला घरी बसलो, पण कागदांनी काही पाठ सोडली नाही. संध्याकाळी सोप्यावर बसलं की कोणीतरी मोबाईल पुढे करतं. ‘काका, हें मातशें पळयात. आमच्या गावाचं नाव आलंय. आता घराला साधी पडवीसुद्धा काढता येणार नाही म्हणतात.’ स्क्रीनवर एका इंग्रजी पीडीएफचं एकच पान असतं, तेही तिरकं. पहिलं पान नाही, शेवटचं नाही, तारीख नाही, सही नाही.

मी आधी पहिलं पान मागतो. लोकांना वाटतं, काकांना इंग्रजी जमत नाही म्हणून टाळताहेत. खरी गोष्ट अशी की नोटीस वाचताना भाषेमुळे होणाऱ्या चुका थोड्या. फर्डं इंग्रजी बोलणारेही तिथेच ठेचकाळतात, कारण कागद काय म्हणतो ते सगळे वाचतात आणि तो कागद कोणता आहे हे बघायचं राहून जातं.

मसुद्याला कायदा समजू नका

सगळ्यात जास्त घबराट याच चुकीने होते. पश्चिम घाटातल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचंच घ्या. केंद्राने याचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजी काढला. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि ३१ जुलै २०२४, असे २०२४पर्यंत सहा मसुदे झाले. दर वेळी सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांची यादी मोबाईलवर फिरली आणि दर वेळी ‘कायदा झाला’ अशी बोंब उठली. सहाही कागद मसुदेच होते. मसुदा म्हणजे सरकारने ‘असं करावं म्हणतो, तुमचं काय म्हणणं?’ असं विचारणं. या पश्चिम घाटाच्या मसुद्यांवर हरकती घ्यायला साठ दिवस असतात. आणि ७२५ दिवसांत पक्की अधिसूचना निघाली नाही तर मसुदा आपोआप बाद होतो, म्हणून तर तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

ओळखायचं कसं? सुरुवातीला बहुधा ‘ड्राफ्ट’ हा शब्द असतो, पण फॉरवर्ड करणाऱ्याने नेमकं तेच पान गाळलेलं असतं. मग मजकुरात शोधा. ‘हरकती व सूचना विचारात घेतल्या जातील’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर मसुदा. ‘या अधिसूचनेद्वारे... करण्यात येत आहे’ आणि अंमलाची तारीख असेल तर पक्की.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. ‘मसुदाच आहे ना, बघू मग’ म्हणत गाव स्वस्थ बसतो आणि मुदत निघून जाते. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये कलम ३९अ आलं. त्याखाली जमिनीचा झोन (ती शेतीची, घरांची की आणखी कशाची) बदलण्याच्या प्रस्तावांवर लोकांना सूचना द्यायला तीस दिवस दिले गेले. चतुर्थीच्या धामधुमीत तीस दिवस कधी सरतात कळतसुद्धा नाही.

वीजदराचंही असंच. ‘वीज महागली’ ही बातमी बहुधा वीज खात्याने संयुक्त वीज नियामक आयोगाकडे केलेल्या मागणीची असते. आयोग जनसुनावणी घेतो, मग दर ठरवून आदेश काढतो. मागणी आणि आदेश यांत आकडे बदलू शकतात. तेव्हा बिल वाढलं म्हणून भांडायला जाण्याआधी हातात मागणीची याचिका आहे की आदेश, तेवढं बघा.

तारीख: एका कागदावर चार-चार असतात

कायदा संमत झाल्याची एक तारीख, राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या मंजुरीची दुसरी, राजपत्रात (गॅझेटात) छापल्याची तिसरी, अंमलात आल्याची चौथी. लोक यातली जी आधी दिसेल ती धरतात. नावात वर्ष असेल तर तेच धरतात! गोव्याचा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या प्रक्रियेचा) कायदा नावाने २०१२चा आहे. तो अंमलात आला डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळातल्या प्रकरणाला ‘२०१२चा कायदा आहे ना’ म्हणून तो लावायला गेलात तर वकील हसेल, आणि हसण्याची फीसुद्धा घेईल.

गोव्याचं राजपत्र दर गुरुवारी निघतं. घाईचं काही असेल तर अतिरिक्त अंक मधल्या कुठल्याही दिवशी. कायदे आणि नियम पहिल्या मालिकेत छापतात. अंकाच्या डोक्यावर इंग्रजी तारखेशेजारी कंसात शक असतो. ४ एप्रिल २०२४च्या अंकावर चैत्र १५, १९४६ असं सापडेल. आमच्या एका शेजाऱ्याने ते १९४६ बघून ‘हा पोर्तुगिजांच्या काळातला कागद आहे, आता लागू नाही’ असा निकाल दिला होता. बिचाऱ्याचं गणित चुकलं नव्हतं, पंचांग चुकलं होतं.

दिवस मोजण्यात तर मी स्वतः तोंडघशी पडलोय. आमच्या वाड्यालगतच्या जमिनीची नोटीस गुरुवारी राजपत्रात आली. मी ती पाहिली रविवारच्या वर्तमानपत्रात आणि तीस दिवस रविवारपासून मोजले. नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून’. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या आणि स्वतःची चुकवली.

तेव्हा मुदत कशापासून हे शब्दशः वाचा. प्रसिद्धीपासून, नोटीस मिळाल्यापासून, की राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून? पश्चिम घाटाच्या मसुद्यांत हा तिसरा प्रकार असतो. ‘पासून’ असेल तर केंद्रीय कायद्यांत १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे पहिला दिवस धरत नाहीत. ३१ जुलै २०२४ पासून साठावा दिवस आला २९ सप्टेंबरला, आणि तो होता रविवार. कार्यालय बंद असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो अशी तरतूद त्याच कायद्यात आहे, पण तिच्यावर जीव टांगून राहू नका. शुक्रवारी देऊन मोकळे व्हा.

काही कागद तर मुदत संपल्यावरच फिरायला लागतात. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे मनाईचे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतात. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं, पण त्याची वेगळी अधिसूचना लागते. गेल्या वर्षीचा आदेश यंदा ‘आत्ताच आलाय’ म्हणून पाठवणाऱ्यांना हे एकदा सांगा.

गाव शोधताना पोर्तुगीज कान ठेवा

हे आमच्या गोव्याचंच दुखणं. पीडीएफमध्ये लोक ‘डिचोली’ शोधतात आणि सापडत नाही म्हणून सुटलो म्हणतात. कागदावर डिचोली ‘बिचोलिम’ असते, पेडणे ‘पर्नेम’, केपे ‘क्वेपेम’, साखळी ‘सांकेलिम’, माशेल ‘मार्सेला’, कवळे ‘क्वेउला’, हळदोणे ‘आल्दोना’. इंग्रजी स्पेलिंगने शोधा, आणि तेही दोन-तीन प्रकारे, कारण एकाच गावाची दोन स्पेलिंगं मी एकाच नोटिशीत पाहिली आहेत.

त्याहून मोठी चूक म्हणजे माणसांची नावं शोधणं. जमिनीच्या नोटिशीत तुमचं नाव नसलं म्हणून तुमची जमीन नाही असं होत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबाराच म्हणा) अजून आजोबांचं किंवा भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं नाव असतं, तुम्ही मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारे) म्हणून इतर हक्कांच्या रकान्यात असता, किंवा कुठेच नसता. सर्वे नंबर आणि पोटहिस्सा जुळवा. ४५/१ आणि ४५/१-अ हे दोन वेगळे तुकडे असतात, आणि भांडणं नेमकी त्या ‘अ’वर होतात.

दुरुस्ती एकटी वाचू नका

दुरुस्तीची अधिसूचना म्हणजे ठिगळ. ‘कलम ४ पोटकलम (२) मध्ये “तीस दिवस” या शब्दांऐवजी “साठ दिवस” हे शब्द घालावेत’ एवढंच तिच्यात असतं. कशाचे दिवस, कोणाला, हे मूळ कपड्यावर आहे. मूळ कायदा उघडा, त्या ओळीवर पेन्सिलीने खाडाखोड करा, नवे शब्द लिहा आणि मग वाक्य सलग वाचा. अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा २०१६चा कायदा हे चांगलं उदाहरण. बांधकाम २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीचं हवं ही अट मुळात आहे, पण अर्जाची मुदत नंतरच्या दुरुस्त्यांनी बदलली. फक्त मूळ वाचणारा ‘मुदत गेली’ म्हणून कपाळाला हात लावतो. फक्त दुरुस्ती वाचणारा ‘सगळ्यांची घरं नियमित’ म्हणून पेढे वाटतो. आणि त्याच कायद्यातली वगळलेल्या जागांची यादी दोघेही वाचत नाहीत: किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड), अभयारण्य, खाजन (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली शेतजमीन), मोकळ्या जागा. या कागदांत देणारं वाक्य वर असतं आणि काढून घेणारं खाली.

नदीकाठच्या लोकांना आणखी एक गोष्ट छळते. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत भरती-ओहोटीच्या नद्या-खाड्यांच्या काठी शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते नियमनाखाली होतं. २०१९च्या अधिसूचनेने शंभराचे पन्नास केले. झालं, मांडवीकाठी लोक टेप घेऊन निघाले. पण २०१९च्याच कागदात लिहिलंय की त्याप्रमाणे किनारी व्यवस्थापनाचा नवा आराखडा मंजूर होईपर्यंत २०११चा आराखडा चालू राहील. आणि गोव्याचा २०११चा आराखडा मंजूर झाला २०२२च्या सप्टेंबरमध्ये! नियम नवा आला तरी नकाशा जुना असू शकतो. म्हणून ‘किती मीटर’ विचारण्याआधी ‘कोणता नकाशा’ हे विचारा.

परिपत्रकाचं थोडक्यात सांगतो. ते खात्याने आपल्याच माणसांना दिलेली सूचना असते. कायद्यात किंवा नियमात नसलेला बोजा नुसत्या परिपत्रकाने तुमच्यावर टाकता येत नाही. खिडकीवर कोणी परिपत्रक दाखवलं तर ‘कोणत्या नियमाखाली?’ एवढंच शांतपणे विचारायचं.

दुसऱ्याला समजावताना

सोपं करून सांगणाऱ्यांच्याही चुका असतात, त्यात मीही आलो. ‘शकेल’ला ‘करेल’ सांगू नका. खात्याला अधिकार देणारं वाक्य वेगळं, बंधन घालणारं वेगळं. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आलं तर तीन कागदांऐवजी एकावर काम होईल असं समोरचा समजतो आणि तीन फेऱ्या मारतो. इंग्रजीत ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होणारं वाक्य दिसलं की सरळ सांगा, ‘दुसरीकडे काहीही लिहिलेलं असो, इथे हेच चालणार.’ ‘सब्जेक्ट टू’ नेमकं उलटं: ‘ते दुसरं कलम आधी, मग हे.’ व्याख्येत ‘म्हणजे’ असेल तर यादी तिथे संपली. ‘यात समावेश होतो’ असेल तर दार उघडं आहे. या दोन शब्दांवर कोर्टात वर्षं जातात, आपण निदान पाच मिनिटं तरी द्यावीत.

आणि ‘तुम्हाला काही होणार नाही’ असं कधीही सांगू नका. कलम दाखवा, तारीख दाखवा, आणि गुंता असेल तर वकिलाकडे पाठवा.

हरकत लिहिताना

राग लिहू नका. ‘आम्ही गावकरी तीव्र निषेध करतो’ या वाक्याला फायलीत जागा नसते. नोटिशीचा क्रमांक व तारीख, गाव, सर्वे नंबर, आपला संबंध, आणि हरकत कशाला हे लिहा: पारंपरिक वाट बंद होते, झरीचं पाणी तुटतं, भातशेती भरावाखाली जाते. सोबत उतारा, नकाशा, फोटो. पन्नास लोकांनी एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या जमिनीबद्दल वेगवेगळं लिहिलेलं बरं. अधिकाऱ्यापुढे दहा वेगळे मुद्दे येतात. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम, पण ग्रामसभेची वाट बघत मुदत घालवू नका.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, मग बघतो’ म्हटलं तर ठेवून येऊ नका, शिक्का मिळेपर्यंत तिथेच उभे राहा. ईमेलने पाठवलीत तर नोटिशीतल्याच पत्त्यावर पाठवा आणि गेलेल्या ईमेलची छापील प्रत काढून ठेवा.

माझ्या त्या हरकतीची प्रत अजून कपाटात आहे. शिक्का ठळक आहे, आवक क्रमांक आहे, आणि तारीख तीन दिवस उशिराची.