चिकणमातीच्या बागेतलं पाणी कसं काढलं: माझा अनुभव

पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी बागेत पाणी तसंच उभं. रोपं पिवळी पडली. एक उपटून पाहिलं, तर मुळं काळी आणि कुजका वास. आधी मी थोडी वाळू मिसळली. ती चूकच झाली, कारण सुकल्यावर माती विटेसारखी घट्ट झाली.

मग ३० सेंमी खोल खड्डा खणून दोनदा पाणी भरलं. दुसऱ्यांदा तासाला जेमतेम १ सेंमी उतरलं. निदान अडीच तरी उतरायला हवं. म्हणजे पाण्याला बाहेर वाट देणं भागच होतं. ४५ सेंमी खोल चर घेतला, १० मीटरला १० सेंमी उतार ठेवून. तळाशी खडी, त्यावर भोकांचा पाइप (भोकं खाली), वर परत खडी आणि सगळ्याभोवती गाळ अडवणारं कापड. कापड अजिबात टाळू नका, नाहीतर पाइप बुजतो. चराचं तोंड पावसाळी नालीत सोडलं.

वाफे २० सेंमी उंच केले, भरपूर कंपोस्ट घातलं. खणायचं ते मात्र वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर असली तरी हाताला चिकटत नाही तेव्हा. ओली चिकणमाती तुडवली की पार दबते. आता मोठ्या पावसानंतरही दुसऱ्या दिवशी वाफ्यात पाणी दिसत नाही.