जड चालणाऱ्या विंचचा दोष कसा शोधावा आणि दूर करावा

चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी पुढच्या बंपरवर बसवलेली विद्युत विंच बहुतेक काळ ऊन, पाणी आणि धूळ खात नुसती बसून असते. त्यामुळे ती जड झाल्याचे सहसा नेमक्या गरजेच्या वेळी लक्षात येते. अशा वेळी गिअरबॉक्स उघडून त्यात भरपूर ग्रीस भरण्याचा मोह अनेकांना होतो; वास्तविक गिअरबॉक्स उघडणे हे शेवटून दुसरे काम आहे. आधी कोणता भाग जड आहे हे ठरवावे लागते. क्लचची (मोटर ड्रमपासून अलग करणाऱ्या यंत्रणेची) मूठ हलत नाही, मूठ हलते पण ड्रम (दोर ज्यावर गुंडाळला जातो तो दंडगोल) हाताने फिरत नाही, किंवा ड्रम हाताने सहज फिरतो पण मोटर लावल्यावर मंद चालतो, या तीन तक्रारींची कारणे आणि उपाय वेगवेगळे आहेत.

प्रचलित रचनेत एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला ग्रहीय गिअरबॉक्स (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारा) आणि मध्ये ड्रम असतो. मोटरची गती ड्रमच्या पोकळीतून जाणाऱ्या दांड्यामार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते, आणि भार धरून ठेवणारा स्वयंचलित ब्रेक बहुतेक विंचमध्ये याच पोकळीत असतो. क्लच सोडला की मोटर आणि ब्रेक ड्रमपासून अलग होतात, परंतु अनेक रचनांत गिअरांचा काही भाग ड्रमबरोबर फिरतच राहतो. म्हणून क्लच सोडूनही ड्रम जड लागत असेल, तर मोटरला दोष देण्यात अर्थ नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावाव्यात, दोरावर कोणताही ताण नसल्याची खात्री करावी, रिमोटची वायर काढून ठेवावी आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. पुढील ज्या तपासण्यांना वीज लागते, तेवढ्यापुरतेच ते जोडावे. तारेचा दोर असल्यास चामड्याचे हातमोजे घालावेत, कारण तुटलेल्या बारीक तारा तळहातात खोल शिरतात.

मूठच अडली असेल, तर ती हातोडीने ठोकू नये. दोरावर थोडा जरी ताण राहिला असेल, तरी क्लचचे दात एकमेकांवर दाबून बसतात आणि क्लच सुटत नाही. विंच दोर सोडण्याच्या दिशेने क्षणभर चालवून थांबवावी आणि मग ड्रम हाताने मागेपुढे हलवत मूठ फिरवून पाहावी. तरीही ती हलली नाही, तर तिच्या खुंटीभोवती गंज धरलेला असतो. गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, मूठ काढून खुंटी घासून स्वच्छ करावी आणि आतली रबरी कडी झिजली असल्यास नवी बसवावी. मूठ अर्धवट स्थितीत असताना विंच कधीही चालवू नये. त्यामुळे क्लचच्या कडा तुटतात आणि भार असताना क्लच अचानक सुटू शकतो.

मूठ सुटली, पण ड्रम फिरत नाही, तर प्रथम दोराकडे पाहावे. सैल गुंडाळलेल्या दोरावर मोठा ताण आला की वरचा पदर खालच्या पदरांत रुततो आणि क्लच मोकळा असूनही दोर बाहेर येत नाही. क्लच पुन्हा जोडून हुक हाताने ओढून धरावा आणि दुसऱ्या व्यक्तीने विंच दोर सोडण्याच्या दिशेने थोडी थोडी चालवावी. ड्रम फिरत राहिला आणि दोर सुटण्याऐवजी उलट बाजूने गुंडाळला जाऊ लागला, तर तत्काळ थांबावे. ड्रमला थोडा रोध असणे स्वाभाविक आहे, किंबहुना तो आवश्यक आहे. हुक ओढणे थांबवल्यावर ड्रम फिरतच राहिला, तर दोराचा गुंता होतो. एका माणसाने सावकाश ओढल्यावर दोर येत राहिला, तर विंच ठीक आहे.

दोर मोकळा असूनही ड्रम जड असेल, तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी विंचची बैठक तपासावी. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित कारण हेच आहे. विंचची दोन टोके एका सरळ रेषेत असली, तरच ड्रम दोन्ही बाजूंच्या बुशांमध्ये (त्याला आधार देणाऱ्या गुळगुळीत कड्यांमध्ये) मोकळा फिरतो. बंपरला बसलेला मार, वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेली पट्टी, पायाखाली राहिलेला रंगाचा गोळा किंवा एकच बोल्ट आधी पूर्ण आवळणे, यांपैकी कशानेही ही टोके किंचित पिळली जातात आणि वाकलेल्या चौकटीत दार अडकावे तसा ड्रम अडकतो. तपासणी सोपी आहे. दोरावर ताण नसताना बैठकीचे सर्व बोल्ट सुमारे एक फेरा सैल करावेत आणि ड्रम फिरवून पाहावा. तो लगेच हलका झाला, तर दोष सापडला.

दुरुस्तीसाठी विंच उतरवून बैठकीवर सरळ पट्टी आडवी आणि तिरपी ठेवावी, फट दिसेल त्या पायाखाली योग्य जाडीची धातूची पत्री घालावी आणि दोन्ही टोकांना जोडणाऱ्या दांड्यांचे बोल्टही सैल ठेवून विंच पुन्हा बसवावी. त्यानंतर बैठकीचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक टप्प्यावर ड्रम हाताने फिरवावा. ज्या बोल्टपाशी तो जड होतो, तिथेच पत्री कमीजास्त करावी लागते. जोडदांडे शेवटी आवळावेत. अखेरचा आवळ माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कप्रमाणेच (आवळण्याच्या ठरावीक जोराप्रमाणेच) द्यावा. ड्रम हलका राहावा म्हणून बोल्ट सैल सोडणे हा उपाय नव्हे, कारण गाडीचा सगळा भार त्यांच्यावरच येतो.

एवढे करूनही ड्रम जड राहिला, तर मात्र दोर पूर्ण काढून विंच टेबलावर घ्यावी आणि गिअरबॉक्स उघडावा. उघडण्यापूर्वी जोडावर आडवी खूण करावी आणि गिअरांचा प्रत्येक थर काढताना छायाचित्र घ्यावे, कारण सारखे दिसणारे थर उलटसुलट बसण्याची शक्यता असते. ग्रीस दुधाळ पांढरे दिसले, तर आत पाणी गेले आहे. ते मेणासारखे घट्ट झाले असेल, तर केवळ जुने झाले आहे. त्यात चमकणारा धातूचा चुरा असेल, तर दात झिजत आहेत आणि नुसत्या सफाईने भागणार नाही. सर्व भाग रॉकेलने धुवून पूर्ण वाळवावेत. नवे ग्रीस पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच वापरावे आणि दातांवर पातळ थरातच लावावे. गिअरबॉक्स ठासून भरला, तर थंडीत तेच ग्रीस ड्रम अडवू लागते. बुश झिजलेले असल्यास बदलावेत आणि गॅस्केट (जोडातील गळती रोखणारी पातळ पट्टी) नवे बसवावे. ड्रमच्या पोकळीतील ब्रेकला ग्रीस किंवा तेल लागू देऊ नये, अन्यथा तो भार धरणार नाही.

ड्रम हाताने हलका फिरतो आणि तरीही विंच मंद चालते, तेव्हा तपास विजेकडे न्यावा. स्थिर अवस्थेत पूर्ण भारलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू ठेवून, दोरावर भार नसताना विंच चालवावी आणि बॅटरीच्या तसेच मोटरच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आला, तर केबल, जोड किंवा कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) खराब आहे. पूर्ण भारावर १२ व्होल्टची मोठी विंच ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि तेवढ्या प्रवाहाला ०.००५ ओहमचा रोधही २ व्होल्ट खातो. म्हणून गंजलेली टोके घासून घट्ट करावीत आणि ऋण केबल गाडीच्या सांगाड्याऐवजी थेट बॅटरीवर न्यावी. दोर ओढताना मोटर नीट चालते, पण सोडताना कष्टाने फिरते आणि ड्रम तापतो, असे असेल तर ब्रेक पुरता सुटत नाही. तो घासून जुळवण्यापेक्षा संपूर्ण संच बदलणे सुरक्षित आहे. दोन्ही दिशांना मोटर सारखीच मंद असेल, तर तिच्यात पाणी शिरून गंज धरला असावा किंवा ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) अडकले असावेत, आणि हे काम विंचच्या कारागिराकडे सोपवलेले बरे.

जुळणी झाल्यावर दोर सैल गुंडाळू नये. हुक भक्कम आधाराला लावावा, किमान ५ वेढे (कृत्रिम धाग्याचा दोर असल्यास ८ ते १०) ड्रमवर ठेवून बाकीचा दोर बाहेर काढावा आणि सौम्य चढावर, चालकाने ब्रेक हलका दाबून ठेवलेला असताना, गाडीच्या वजनाच्या ताणाखाली तो पदराशेजारी पदर असा गुंडाळावा. पहिल्यांदा प्रत्यक्ष गाडी ओढून झाल्यावर बैठकीचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, कारण नव्याने घातलेल्या पत्र्या पहिल्या भारानंतर किंचित बसतात.