सीएमव्हीचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आलाय? आधी ओळ बघा

परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये माझी एकोणतीस वर्षं गेली. खिडकीतून रिपोर्ट दिला की माणसं तिथेच कागद उघडायची आणि ‘पॉझिटिव्ह’वर बोट ठेवून थिजायची. चिपळूणची एक बाई नवऱ्याला किडनी देणार होती. तिचा सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आयजीजी पॉझिटिव्ह. हा व्हायरस हर्पीसच्या, म्हणजे लोक लैंगिक आजार म्हणून ओळखतात त्याच्या, कुळातला, एवढंच कुणीतरी तिच्या कानावर घातलेलं. “ताई, माझ्या हातून असं काय झालं हो?” म्हणून रडायला लागली.

म्हणून सांगते, आधी आयजीजीची, म्हणजे संसर्गानंतर रक्तात कायम टिकणाऱ्या अँटिबॉडीची, ओळ शोधा. ती पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस कधीतरी, बहुतेक लहानपणीच, अंगात शिरला आणि तिथेच निपचित पडून आहे. आपल्याकडे वॉर्डातल्या दहा मोठ्या माणसांचं रक्त तपासलं तर आठ-नऊ जणांचं असंच येईल, आणि त्यांना डबा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांचंही. लाळेतून, लघवीतून, आईच्या दुधातूनसुद्धा तो पसरतो. चाळीतल्या एका खोलीत सहा जणांत वाढलेलं पोर त्यातून कसं सुटणार? यात लाजण्यासारखं काही नाही. पेशंटची ताटवाटी वेगळी काढू नका, साबणाने हात धुतले की पुरे.

किडनी बसवायची असेल तर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही रिपोर्ट एकत्र घेऊन डॉक्टरांकडे जा. देणारा पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह, ही जोडी सगळ्यात जोखमीची. तरी किडनी बाद होत नाही. घेणाऱ्याला व्हायरस रोखणाऱ्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या साधारण सहा महिने देतात. त्या बाईच्या नवऱ्याचाही आयजीजी पॉझिटिव्हच निघाला.

आयजीएमवर, म्हणजे संसर्ग ताजा असताना बनणाऱ्या अँटिबॉडीवर, एकट्यावर विसंबू नका. दुसऱ्या एखाद्या व्हायरसमुळेही तो खोटा पॉझिटिव्ह येतो, कधी जुन्या संसर्गानंतर महिनोन्‌महिने रेंगाळतो. गरोदर बाईचा आला तर घाबरून कुठलाही निर्णय घेण्याआधी ‘आयजीजी अ‍ॅव्हिडिटी’ करायची का, हे डॉक्टरांना विचारा. संसर्ग जुना की ताजा, याचा अंदाज त्यावरून येतो.

किडनी बसवलेले, केमो चालू असलेले, एचआयव्हीमुळे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार खाली गेलेले, यांच्यात मात्र निपचित व्हायरस उठतो. अशा माणसाला ताप हटत नसेल, जुलाब होत असतील, धाप लागत असेल किंवा नजर अंधूक झाली असेल, तर आयजीजी पुन्हा करण्यात पैसे घालू नका; पीसीआरचं, म्हणजे थेट व्हायरसच शोधून मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा. आणि दर वेळी तो एकाच लॅबमध्ये करा, कारण दोन लॅबचे आकडे सहसा जुळत नाहीत.

नवजात बाळाच्या बाबतीत वेळ दवडू नका. लघवी किंवा लाळेचा पीसीआर पहिल्या २१ दिवसांतच व्हायला हवा. त्यानंतर पोटातला संसर्ग आणि जन्मानंतरचा, यांतला फरक सांगणं अवघड होतं, आणि पोटातल्या संसर्गाने बाळाचं ऐकणं जाऊ शकतं. लाळ घ्यायची तर दूध पाजल्यावर निदान तासभर थांबा, आणि फॉर्मवर बाळाची जन्मतारीख स्वतः तपासून घ्या.