देवगिरी पाहताना आधी खाली रेंगाळा

दौलताबादला, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावर, तिकीट काढलं की बहुतेक जण थेट वरच्या बारादरी महालाकडे चढू लागतात आणि खालचं शहर राहूनच जातं. महाकोट या तटबंदीच्या दरवाज्यात थांबा. वाट मुद्दाम वळवलेली आहे, हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू नये म्हणून. दारावरचे लोखंडी खिळेही त्याच्याच कपाळासाठी. पुढे १३१८ची मशीद, आताचं भारतमाता मंदिर. तिथले खांब हात लावण्याइतक्या अंतरावरून बघा, ते जुन्या देवळांचे आहेत. चिनी महालावर निळ्या फरशांचे तुकडे अजून तग धरून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह इथेच कैदेत होता. अंधारीत, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाइलचा उजेड पुरत नाही, चांगली विजेरी न्या. आत वटवाघळं असतात, त्यांच्या विष्ठेने पाय घसरतो, म्हणून चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.