उमेदवाराबद्दल आपल्याला जे वाटतंय ते कसं तपासायचं

अमेरिकेच्या निवडणुकीतली एखादी उमेदवार खटकली की लगेच कमेंट टाकू नका, आधी डोक्यात माणूस बदलून बघा. म्हणजे तेच वाक्य, तोच चढलेला आवाज, पण बोलणारा गोरा पुरुष असता तर आपण त्याला ठाम म्हटलं असतं का, आणि बाई आहे म्हणून आक्रस्ताळी म्हणतोय का? ही एक सवय मला सगळ्यात कामाची वाटते.

मग शब्द पकडा. कर्कश, हसत नाही, फार महत्त्वाकांक्षी, हे २०१६ ला हिलरी क्लिंटनबद्दल किती ऐकलं आठवा. ओबामांच्या बाबतीत शंका वेगळीच, हा माणूस मुळात अमेरिकेत जन्मलाय का, आणि २०११ ला राष्ट्राध्यक्ष असताना त्यांना सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला, खरंच वाईट वाटतं हे वाचून.

वंश आणि लिंग वेगवेगळं मोजत बसू नका, एकाच माणसाला दोन्ही सोसावं लागू शकतं. काळ्या महिला खासदार शर्ली चिझम १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या, त्या स्वतः सांगायच्या की राजकारणात काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा त्रास जास्त झाला.

"मला चालेल हो, पण लोक मत देणार नाहीत" हे वाक्य तर हमखास तपासा, यात बऱ्याचदा आपलाच पूर्वग्रह लोकांच्या नावावर खपतो.

टीका जरूर करा, पण आधी त्यांनी सभागृहात कशाच्या बाजूने मत दिलं आणि कर, आरोग्य, शिक्षण यावर काय म्हणणं आहे ते वाचा आणि त्यावर करा.