पोस्टग्रेस उठत नाही? आधी त्याचा युजर बघा

मागे म्हापशात एका छोट्या ऑफिसात जुना सेंटओएसचा (रेडहॅटच्या घरातलं लिनक्स) सर्व्हर काढून डेबियनवर (दुसरं लिनक्स) पोस्टग्रेस हा डेटाबेस चढवत होतो, दुसऱ्या दिवसापासून चवथीची सुट्टी, त्यामुळे आजच संपवायचं होतं, आणि सर्व्हिस काही केल्या उठेना. तीन तास कॉन्फिग फाईल उसपली आणि घोळ निघाला युजरच्या अकाउंटात.

पहिली गोष्ट, पोस्टग्रेस रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालतच नाही, डेटा फोल्डर तयार करणारी 'इनिटडीबी' कमांड पण सरळ नकार देते. बरोबरच आहे, डेटाबेसमधून कोणी घुसला तर अख्खं मशीन त्याच्या हातात जायचं. म्हणून त्याला वेगळा युजर लागतो. पॅकेजने टाकलं तर तो आपोआप बनतो, सोर्समधून कंपाईल केलं तर आपणच बनवायचा. 'आयडी पोस्टग्रेस' मारून बघा आहे का, आणि 'यूआयडी'समोर जो नंबर येतो तो लक्षात ठेवा.

कारण डिस्कवर फाईलीच्या मालकाचं नाव नसतंच, नुसता नंबर असतो! रेडहॅटवाल्यांकडे पोस्टग्रेसचा नंबर २६ ठरलेला, डेबियनमध्ये इन्स्टॉलच्या वेळी जो मोकळा सापडेल तो. मी जुनी डिस्क तशीच लावली होती, 'एलएस -एल' केलं तर मालकाच्या जागी नुसतं २६, म्हणजे फाईली नव्या पोस्टग्रेस युजरच्या नव्हत्याच. मग सर्व्हिस बंद करून डेटा फोल्डरवर 'चोन -आर' मारून मालक पोस्टग्रेस केला. फक्त त्या फोल्डरवर हां, घाईत अख्ख्या व्हार फोल्डरवर मारू नका. (खरं तर डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलताना डेटाचा डंप (फाईलीत उतरवलेली प्रत) घेऊनच न्यावं, ग्लिबसी ही लिनक्सची लायब्ररी बदलली की टेक्स्टचे इंडेक्स गंडू शकतात, मी नंतर सगळे इंडेक्स परत बनवले.)

परमिशनचं म्हणाल तर वैताग आला की लोक ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) देऊन मोकळे होतात, इथे त्याने उलटंच होतं, फोल्डर जास्त उघडा दिसला की पोस्टग्रेस उठायलाच तयार नाही. ७०० (फक्त मालकाला) द्या, पोस्टग्रेसच्या ११ व्हर्जनपासून ७५० (ग्रुपला वाचायला) पण चालतं. तरी परमिशन डिनाइड येत असेल तर वरचे फोल्डर तपासा, वाटेतल्या प्रत्येकावर त्या युजरला एक्स (आत शिरायची परवानगी) लागतो, 'नेमआय -एल' ला पूर्ण पाथ दिला की अख्खी साखळी दिसते. रेडहॅटवर डेटा वेगळ्या जागी ठेवला असेल तर एसईलिनक्स ही जादा सुरक्षा पण आडवी येते, ती बंद नका करू, 'सेमॅनेज'ने कॉन्टेक्स्ट (फोल्डरचं लेबल) लावून 'रिस्टोरकॉन' चालवा.

'एसयू'ने पोस्टग्रेस युजरमध्ये शिरताना अकाउंट उपलब्ध नाही असं आलं तर घाबरू नका, त्याचं शेल नोलॉगिन आहे, म्हणजे लॉगिन बंद ठेवलंय एवढंच, सर्व्हिसला त्याने फरक पडत नाही, 'सुडो -यू' वापरा.

आणि सर्व्हिस उठल्यावर पीअर ऑथेंटिकेशन फेल आलं तर पासवर्ड बदलत बसू नका, तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही, लिनक्सच्या युजरचं नाव आणि डेटाबेसमधल्या युजरचं (त्याला रोल म्हणतात) नाव जुळतं का एवढंच बघतात. 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' करून आत जा आणि आपल्या नावाचा रोल बनवा.