बुद्धिबळाचं इंजिन कसं जोखावं

दोन इंजिनांनी (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमनी) दहा डाव खेळले, एक 6–4 नं पुढे राहिलं, की लगेच ‘हेच जास्त ताकदवान’ असा निकाल दिला जातो. पण अगदी सारख्या ताकदीच्या दोन इंजिनांतही 6–4 वारंवार होतं. इंजिनाची ताकद फक्त भरपूर डावांतून कळते. आतली घडण मात्र डावांतून कळत नाही; तिच्यासाठी नेमक्या पटस्थिती घालून एकेक भाग तपासावा लागतो. ही दोन कामं वेगळी ठेवा.

ताकद मोजताना

इलोचं, म्हणजे ताकद सांगणाऱ्या गुणांकाचं, गणित आधी पक्कं करा. 100 इलोचा फरक म्हणजे वरचढ इंजिनाला सरासरी 64 टक्के गुण, 200 चा फरक म्हणजे 76 टक्के. 10 इलोचा फरक म्हणजे जेमतेम 51.4 टक्के. निम्मे डाव बरोबरीत सुटत असतील, तर 95 टक्के खात्रीसाठी 100 डावांत अंदाज चुकण्याची मर्यादा साधारण ±48 इलो राहते, 1,000 डावांत ±15 आणि 10,000 डावांत ±5. मर्यादा निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. त्यामुळे 100 डावांवरून ‘20 इलोंची सुधारणा’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सामने लावायला क्यूटचेस-सीएलआय किंवा फास्टचेस हे इंजिनांना आपोआप खेळवणारे प्रोग्रॅम वापरा. वेळ 10 सेकंद अधिक प्रत्येक चालीला 0.1 सेकंद ठेवली तर थोड्या वेळात पुष्कळ डाव होतात. तिथं टिकलेला बदल मग 60 सेकंद अधिक 0.6 वर पुन्हा तपासा, कारण काही बदल छोट्या वेळेत फायद्याचे आणि मोठ्या वेळेत तोट्याचे निघतात. हॅश (आधी तपासलेल्या पटस्थिती साठवायची मेमरी) दोघांना सारखा द्या: छोट्या वेळेला 16 एमबी, मोठ्या वेळेला 64 एमबी पुरतो. प्रत्येक इंजिनाला एकच थ्रेड (गणनेचा एक धागा) द्या आणि पाँडर (प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणं) बंद ठेवा. पाँडर बंद असला की एका वेळी एकच इंजिन विचार करतं, म्हणून एका डावाला एक कोर (प्रोसेसरमधला स्वतंत्र गणनाभाग) पुरतो. प्रोसेसरमध्ये 8 खरे कोर असतील तर एका वेळी 7 डाव चालवा. हायपर-थ्रेडिंगमुळे दुप्पट दिसणारे कोर मोजलेत तर इंजिनं एकमेकांचा वेग खातात आणि निकाल डळमळतो. लॅपटॉप तापून वेग कमी करतो, तेव्हा चाचणी शक्यतो डेस्कटॉपवर घ्या.

सुरुवातीच्या पटापासून थेट खेळवू नका. एका थ्रेडवरचं इंजिन बरंचसं ठरावीक वागतं, त्यामुळे तेच डाव पुन्हा पुन्हा येतात. ओपनिंगचा संच घ्या आणि प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवा. बलाढ्य इंजिनं समतोल ओपनिंगमधून बहुतेक वेळा बरोबरीच करतात. म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या, जिंकणं आणि बरोबरी यांच्या सीमेवरच्या ओपनिंग निवडाव्यात. अशा वेळी हिशेब एकट्या डावाचा न करता जोडीचा करायचा.

किती डाव पुरेत, हे आधी ठरवायचं नसेल तर एसपीआरटी (डाव होतील तसा निकाल तपासत, पुरेसा पुरावा मिळताच थांबणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावा. ‘फरक 0 इलो’ आणि ‘फरक 5 इलो’ अशा दोन शक्यता समोरासमोर ठेवा. दोन्हीकडच्या चुकीची शक्यता 5 टक्के धरली की लॉग-लाइकलिहूड गुणोत्तर (पुरावा कोणत्या शक्यतेकडे किती झुकतो याचा आकडा) +2.94 ला पोहोचल्यावर बदल स्वीकारायचा, −2.94 ला नाकारायचा. मधेच आकडा छान दिसला म्हणून चाचणी थांबवली तर सगळी खात्री वाया जाते. ही चूक फार जण करतात.

सामना संपल्यावर पीजीएन फाईल (डावांची नोंद) उघडून वेळ संपल्यामुळे, बेकायदा चालीमुळे किंवा इंजिन बंद पडल्यामुळे हरलेले डाव मोजा. असे डाव मूठभराहून जास्त असतील तर तुम्ही बुद्धिबळ नाही, प्रोग्रॅममधला दोष मोजला आहे. वेळ संपत असेल तर मूव्ह ओव्हरहेड (प्रत्येक चालीमागे राखून ठेवायचा वेळ) 50 ते 100 मिलिसेकंद करून पाहा.

स्वतःच्याच जुन्या आवृत्तीशी खेळवलं की फरक फुगून दिसतो. म्हणून चार-पाच परकी इंजिनंही समोर ठेवा. सीसीआरएलसारख्या इंजिन-रेटिंगच्या यादीतले आकडे त्या यादीपुरते सापेक्ष असतात. ते माणसांच्या फिडे रेटिंगशी थेट जोडू नका.

आत डोकावताना

पहिली पायरी चालींची निर्मिती. ‘गो पर्फ्ट’ ही आज्ञा (ठरावीक खोलीपर्यंतचे चालींचे सगळे मार्ग मोजणारी) चालवून पटस्थितींची संख्या ताडून पाहा. सुरुवातीच्या पटावर 1 ते 5 प्लायला (प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल) अनुक्रमे 20, 400, 8,902, 1,97,281 आणि 48,65,609 यायला हवेत. पण एवढ्यावर समाधान मानू नका: या पटावरून एन पासान (प्याद्यानं जाता जाता प्यादं मारणं) पहिल्यांदा 5 व्या प्लायला येतं आणि कॅसलिंग (किल्लेकोट) 7 व्या प्लायच्या आधी येतच नाही. म्हणून किवीपीट ही चाचणीसाठी वापरली जाणारी पटस्थितीही घ्या. तिचे आकडे 48, 2,039, 97,862 आणि 40,85,603. आकडा चुकला तर पहिल्या चालीनुसार फोड करून खात्रीच्या इंजिनाशी जुळवा, जिथं फरक दिसेल ती चाल खेळा आणि एक प्लाय खाली उतरून तेच पुन्हा करा. दोषी चाल थोड्याच वेळात हाती लागते.

हॅश टेबलसाठी जुनी, नावाजलेली स्थिती आहे. पांढरा राजा ए1, प्यादी ए4, डी4, डी5, एफ4. काळा राजा ए7, प्यादी ए5, डी6, एफ5. चाल पांढऱ्याची, उत्तर राजा बी1. हॅश नीट चालत असेल तर खोली (किती प्लाय पुढचं पाहिलं) झपाट्यानं वाढते आणि उत्तर काही क्षणांत सापडतं. हॅश बिघडला असेल तर इंजिन बराच वेळ अडकून राहतं.

मूल्यमापन (पटस्थितीला गुण देणारा भाग) तपासायला पट उलटा करा: रंग, मोहरी आणि चालीची पाळी, सगळं आरशासारखं. चाल असलेल्या बाजूच्या नजरेतून गुण तेच यायला हवेत. हातानं लिहिलेल्या मूल्यमापनात इथं हमखास चिन्हाची चूक सापडते.

दाखवलेल्या खोलीला मात्र भुलू नका. एक इंजिन यादीत मागे असलेल्या चाली जोरात छाटतं (नीट न तपासता सोडून देतं) आणि 30 दाखवतं, दुसरं कमी छाटतं आणि 22 दाखवतं. दुसरं जास्त ताकदीचं असू शकतं. सेकंदाला किती नोड (तपासलेल्या पटस्थिती), हेही दोन इंजिनांत तुलनेचं नाही. नावाजलेल्या इंजिनांपैकी लीला मोठ्या न्यूरल नेटवर्कनं मोजक्या पटस्थिती जोखते, स्टॉकफिश 2020 पासून छोटं, वेगवान एनएनयूई नेटवर्क वापरून कितीतरी जास्त पाहतं. गुणांचंही तेच: स्टॉकफिशमध्ये 15.1 आवृत्तीपासून +1.00 म्हणजे जिंकण्याची शक्यता 50 टक्के, एक प्यादं जास्त असा अर्थ नाही.

एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत मात्र सलग दोन खोल्यांच्या नोडसंख्येचं गुणोत्तर पाहावं. चाली तपासण्याचा क्रम बिघडला की ते चढतं. ज्या नोडवर छाटणी होते, तिथं ती पहिल्याच चालीवर 90 टक्क्यांहून जास्त वेळा व्हायला हवी.

छाटणीचा एकेक भाग बंद करूनही पाहा. नल मूव्ह (आपली चाल सोडून दिली असं धरून केलेली छाटणी) बंद केल्यावर सामन्यात इलो पडलाच नाही, तर तो भाग कधी सुरूच होत नसावा किंवा त्याची अट उलटी लिहिली असावी. फक्त राजा-प्याद्यांच्या अंत्यडावात मात्र तो बंदच असायला हवा, कारण तिथं झुगझ्वांग असतो: चाल करावी लागणं हेच नुकसान ठरतं, आणि ‘चाल सोडून दिली’ असं धरणारी छाटणी चुकीचं उत्तर देते.